आधी अटी, मग कॅमेरा

"व्हिडिओ टाकायला सुरुवात करायची आहे, सोपा कॅमेरा कोणता घेऊ?" असं कोणी विचारलं की आपण इंजिनिअर मंडळी लगेच सुरू होतो. सेन्सरचा साईझ, फोर-के, बिटरेट, वगैरे वगैरे. समोरचा माणूस सेलूचा शेतकरी असतो, नाहीतर आर्वीची शिक्षिका. त्याला कपाशीवरची बोंडअळी दाखवायची असते, तिला अपूर्णांक शिकवायचे असतात. फोन ठेवेपर्यंत दोघांच्याही डोक्यात साठ हजारांचा मिररलेस बसलेला असतो आणि व्हिडिओ पुढच्या दिवाळीवर गेलेला असतो.

माझं म्हणणं सरळ आहे. हा सल्ला महाग तर आहेच, पण मुळात चुकीचा आहे.

आपल्या वर्ध्यातलंच उदाहरण घ्या. कनू गांधी सेवाग्राममध्ये बापूंच्या कार्यालयात काम करायचे. त्यांनी फोटो काढावेत असं विनोबांचे भाऊ शिवाजी यांनी सुचवलं. बापू म्हणाले, पैसे नाहीत. शेवटी घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले आणि त्यात रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रम खर्च देणार नाही. या तीन अटी पाळून कनूंनी बापूंच्या शेवटच्या दहा वर्षांचे जे फोटो काढले, ते आजही जगभर बघितले जातात.

आता कोणी म्हणेल, अहो, रोलिफ्लेक्स काय खेळणं होतं का? मुळीच नव्हतं. उत्तम कॅमेरा होता. पण उत्तम कशासाठी, हे बघा ना. लेन्स बदलायची भानगड नाही, शटरचा आवाज जेमतेम, आणि पोटाशी धरून वरून बघत फोटो काढायचा, म्हणजे समोरच्यावर कॅमेरा रोखल्यासारखं वाटत नाही. आश्रमात, आहे त्या उजेडात, कोणाला न दटावता फोटो काढायला असाच कॅमेरा हवा. अटींना जुळतो तो चांगला कॅमेरा. उरलेलं सगळं जाहिरात.

मग आपल्या शेतकऱ्याच्या अटी काय?

पहिली, ऊन. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत कामाचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. फोर-के लावलं की यंत्र आणखी तापतं. तेव्हा उन्हाळ्यात सकाळी शूट करा आणि फुल एचडीवर करा.

दुसरी, अपलोड. थोडं गणित करू (सवय जात नाही :-)). १०० एमबीपीएसने घेतलेला दहा मिनिटांचा फोर-के व्हिडिओ ७.५ जीबी होतो. अपलोडचा वेग १० एमबीपीएस मिळाला, तर तो चढायला १०० मिनिटं. तेच फुल एचडीत १६ एमबीपीएसने घेतलं तर १.२ जीबी, म्हणजे १६ मिनिटं. बघणारा तो पाच इंची स्क्रीनवर बघणार, तेही यूट्यूबने पुन्हा दाबून लहान केलेला. उरलेली ८४ मिनिटं कोणासाठी घालवायची?

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, आवाज. चित्र थोडं धूसर असलं तरी लोक बघतात. शेतातल्या वाऱ्याची घरघर मात्र दहा सेकंदसुद्धा कोणी ऐकत नाही. म्हणून पहिला खर्च फोमवाल्या कॉलर माईकचा, कॅमेऱ्याचा नाही.

सोपेपणाची एक गोष्ट आपल्या पिढीला आठवत असेल. २००७ च्या सुमारास फ्लिप नावाचा छोटा कॅमकॉर्डर आला होता. मधोमध एक मोठं लाल बटण, बाजूने उघडणारा यूएसबी, झालं. तेव्हा लग्नाच्या शूटिंगवाल्याची मिनीडीव्ही टेप कॉम्प्युटरवर घ्यायची तर तासाच्या टेपला तासच लागायचा, त्यामुळे लोक फ्लिपवर तुटून पडले. २००९ मध्ये सिस्कोने ती कंपनी सुमारे ५९ कोटी डॉलरला घेतली आणि २०११ मध्ये ते उत्पादनच बंद केलं. तोवर फोन व्हिडिओ काढून थेट अपलोडही करू लागला होता. बटण फ्लिपचंही सोपं होतं, पण पुढचा सगळा रस्ता फोनने सोपा केला.

म्हणून माझं उत्तर: सुरुवात खिशातल्या फोनवर करा. सोबत माईक आणि स्टँड. बास.

मग कॅमकॉर्डर कोणी घ्यावा? ज्याला खंजिरी भजनाचा दोन तासांचा कार्यक्रम किंवा शाळेचं गॅदरिंग शेवटच्या रांगेतून सलग घ्यायचंय त्याने. तिथे २० पट ऑप्टिकल झूम लागतो आणि मध्येच बंद न पडणारं रेकॉर्डिंग लागतं. (जुने डीएसएलआर २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात, तोवर भजन रंगात आलेलं असतं.) घेताना दोनच गोष्टी बघा: माईक लावायचं भोक आहे का, आणि झूम ऑप्टिकल आहे का. स्वस्त मॉडेल्सपैकी काहींना माईकची सोय नसते. आणि ऑनलाईन मिळणारे 'फोर-के, ४८ मेगापिक्सेल, १६ पट डिजिटल झूम' वाले अनोळखी डबे फुकट दिले तरी घेऊ नका. डिजिटल झूम म्हणजे नुसतं कापून मोठं करणं.

काही जण म्हणतील, क्वालिटीला काही किंमत आहे की नाही? आहे ना. पण अळी नेमकी कुठे शोधायची, हिरवं बोंड फोडून कसं बघायचं, हे ज्याला माहीत आहे त्याच्या व्हिडिओची क्वालिटी तिथेच ठरली. त्याला हप्त्यावर लेन्स घ्यायला लावून आपण ते ज्ञान वर्षभर अडवून धरतो. तोवर गुलाबी बोंडअळी थांबत नाही, २०१७ मध्ये विदर्भाने ते चांगलंच बघितलंय.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी कॅमेरा विचारला, तर मॉडेल सांगू नका. काय दाखवणार, कुठे उभा राहून आणि कोणासाठी, ते विचारा. बहुतेकांना उत्तर देता देताच कळेल की लागणारं सामान घरात आहे.