कांद्याची पट्टी, कॉफीची पुडी

साल १९८६ असावे. नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावी मी बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. मार्चअखेर जवळ आली होती आणि थकबाकीदारांच्या नोटिसांवर सह्या करून बोटे दुखत होती. अशा वेळी एक वयस्कर शेतकरी समोर येऊन बसले. आम्ही त्यांना तात्या म्हणत असू. त्यांनी खिशातून चार घड्यांची एक चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. ती अडत्याकडची कांद्याची पट्टी होती. वर मालाचे वजन आणि भाव, खाली वजावट : अडत, हमाली, तोलाई, ट्रॅक्टरचे भाडे. शेवटच्या ओळीत जी रक्कम उरली होती, तिच्यात तात्यांचे नि त्यांच्या मुलाचे एसटीचे तिकीट निघाले असते, फार तर वर दोन कप चहा.

"साहेब, कांदा पिकला नाही असं नाही, पिकला. विकला नाही असंही नाही, विकला. पैसे तेवढे झाले नाहीत," तात्या म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. मीच वरमलो, कारण त्यांच्या नावाच्या नोटिशीवर सकाळीच माझी सही झाली होती.

त्याच शनिवारी मी पुण्याला घरी गेलो, तेव्हा माझी आई दारात भाजीवाल्याशी कांद्यावरून हुज्जत घालत होती. "लुटतात मेले!" असे म्हणून ती आत आली. तात्यांना वाटत होते आपण लुटले गेलो, आईलाही तसेच वाटत होते. आणि गंमत अशी की, तो भाजीवाला पहाटे तीनला उठून हातगाडी ढकलत आलेला होता. त्याच्या घरीही काही सोन्याच्या विटा नव्हत्या. मग पैसा जातो कुठे? बँकेत पस्तीस वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजूनही मला या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर सापडले नाही. वाहतूक, साठवण, सडणारा माल, उधारी, जोखीम, नफा अशा अनेक खणांत तो वाटला जातो. एवढे मात्र खरे, की या साखळीच्या दोन टोकांना असलेली माणसे, पिकवणारा आणि खाणारा, एकमेकांना ओळखत नाहीत आणि भाव ठरतो तेव्हा दोघांपैकी कोणीच तिथे बोलत नसतो.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. एदुआर्द दाउवेस देक्कर हा डच वसाहतीतला एक अधिकारी. जावा बेटावर त्याची नेमणूक झाली. तिथे १८३० पासून शेतकऱ्यांना सरकारसाठी कॉफी, ऊस, नीळ अशी पिके सक्तीने घ्यावी लागत. रयतेवरचा जुलूम पाहून त्याने वरिष्ठांकडे तक्रार केली. कोणी ऐकले नाही. १८५६ साली त्याने राजीनामा दिला आणि 'मुलतातुली' या टोपणनावाने कादंबरी लिहिली. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीचे नाव 'मॅक्स हॅवेलार'. ॲमस्टरडॅममधल्या एका कॉफीदलालाच्या तोंडून ती सुरू होते. सद्‌गृहस्थ, देवभीरू, आणि आपल्या कपातली कॉफी कोणाच्या घामाची आहे याचा पत्ताच नसलेला असा हा दलाल आहे. नोकरी सोडून कादंबरी लिहिणाऱ्या या अधिकाऱ्याविषयी मला विशेष आपलेपणा वाटतो. फरक एवढाच, की मी निवृत्तिवेतन पक्के झाल्यावर लेखणी उचलली!

पुढे १९८८ साली हॉलंडमध्ये कॉफीच्या पुड्यांवर एक शिक्का आला, त्यालाही 'मॅक्स हॅवेलार' हेच नाव दिले गेले. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या डोंगराळ भागात कॉफी पिकवणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांची सहकारी संघटना होती. त्यांचे म्हणणे सरळ होते : आम्हांला मदत नको, मालाला वाजवी भाव द्या. शिक्का असलेल्या पुडीतल्या कॉफीचा किमान भाव आधी ठरलेला असे. बाजार खाली गेला तरी शेतकऱ्याला तो मिळायचा. पुढच्याच वर्षी, १९८९ साली, देशांनी कॉफीच्या निर्यातीवर घालून घेतलेली कोट्याची बंधने मोडली आणि जगात कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा या किमान भावाचे मोल कळले. त्या रोपट्याचा आज 'फेअरट्रेड' नावाचा वृक्ष झाला आहे. किमान भावावर एक वेगळी अधिक रक्कमही मिळते. ती शाळेसाठी, विहिरीसाठी की आणखी कशासाठी वापरायची, हे शेतकऱ्यांच्या संघटनेने बसून ठरवायचे असते.

पण पुडीवर शिक्का मारला म्हणून ती खपत नाही. ती कोणीतरी मागावी लागते. इथे इंग्लंडमधल्या गारस्टँग या गावाची हकीगत सांगण्याजोगी आहे. लँकेशायरमधले हे जेमतेम चार-पाच हजार वस्तीचे बाजाराचे गाव. तिथे ब्रूस क्राउदर नावाचे पशुवैद्य राहत. १९९२ पासून ते आणि त्यांचे काही सोबती दुकानदारांना सांगत होते, की हा चहा, ही कॉफी, हे चॉकलेट ठेवा. आठ वर्षे हे चालले, फार कोणी दाद दिली नाही. मग २००० साली त्यांनी एक साधी युक्ती केली. गावच्या महापौरांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना, चर्चच्या धर्मगुरूंना, व्यापाऱ्यांना जेवायला बोलावले. पानात न्याय्य व्यापारातले जिन्नस आणि त्यांच्या जोडीला आसपासच्या शेतातला माल. जेवण झाल्यावर प्रत्येकाला विचारले, तुम्ही हा माल वापराल का, विकाल का? भरल्या पोटी नाही म्हणणे अवघड असते, हे आपल्याकडे लग्ने जमवणारे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. २७ एप्रिल २००० रोजी जाहीर सभेत गावाने ठराव केला, की आमचे गाव हे 'फेअरट्रेड' गाव.

त्या जेवणात स्थानिक माल का होता, हे लक्षात घ्यायला हवे. गारस्टँगच्या परिसरात दुग्धव्यवसाय मोठा, आणि तिथल्या शेतकऱ्यांना स्वतःच्या दुधाला भाव मिळत नव्हता. आफ्रिकेतल्या कोको पिकवणाऱ्याचे आणि आपल्या शेजारच्या गोठेवाल्याचे दुखणे एकच आहे, हे गावाला पटले. आणखीही एक धागा होता. जवळचे लँकेस्टर हे अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारातले एक प्रमुख बंदर होते. शाळेतली मुले तो इतिहास शिकली, आणि घानामधल्या न्यू कोफोरिडुआ या कोकोच्या गावाशी गारस्टँगचे नाते जोडले गेले. आज जगात अशी दोन हजारांहून अधिक गावे नि शहरे आहेत.

इंग्लंडच्या स्वयंपाकघराला ही विद्या जुनी आहे. १७९१ च्या सुमारास तिथल्या हजारो कुटुंबांनी गुलामांच्या श्रमातून आलेली वेस्ट इंडीजची साखर वर्ज्य केली होती. पुढे पुढे तर 'ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी केलेली नाही' असे लिहिलेली साखरदाणी टेबलावर ठेवण्याची पद्धत पडली. गुलामांचा व्यापार कायद्याने बंद झाला तो १८०७ साली, आणि खुद्द गुलामगिरी उठवण्याचा कायदा १८३३ साली झाला. साखरदाणीने तो झाला असे कोणी म्हणणार नाही. पण पार्लमेंटच्या आधी पुष्कळ घरांतल्या बायकांनी आपला निकाल देऊन टाकला होता.

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राला हा विचार परका नाही. जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून पुरा केला. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी चाकणजवळ आंबेठाणला शेती करायला आले आणि १९८० च्या कांदा आंदोलनात पुणे-नाशिक रस्त्यावर शेतकरी बसला. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा तेव्हा गावागावांत पोचली. तिच्यामागे नुसता रस्तारोको नव्हता. उत्पादनखर्च कसा काढायचा याची शिबिरे होती. तात्यांची ती घडी केलेली पट्टी हा अशाच शिक्षणाचा परिणाम होता, हे मला पुढे उमगले. दुसरीकडे १९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याच्या सामानाची एकत्र मागणी द्यायची, माल आला की आपणच वाटून घ्यायचा. नोकरी करणाऱ्या कितीतरी गृहिणींनी हे काम बिनपगारी केले.

म्हणजे पाचसहा वर्षांच्या अंतराने एकाच राज्यात पिकवणारेही संघटित झाले आणि खाणारेही. पण दोघे एका पंगतीला मात्र फारसे बसले नाहीत. एकाला भाव चढा हवा होता, दुसऱ्याला उतरता. आणि मधली साखळी दोघांनाही दिसत नव्हती. गारस्टँगने जे केले ते नेमके हे, की दोघांना एका टेबलावर आणले.

या मार्गाला मर्यादा आहेत, त्या झाकण्यात अर्थ नाही. प्रमाणपत्राला खर्च येतो. अगदी लहान शेतकरी, शेतमजूर पुष्कळदा बाहेरच राहतो. मोठ्या कंपन्या सोयीने शिक्का घेतात आणि सोयीने टाकतात. २०१७ साली इंग्लंडमधल्या एका मोठ्या दुकानसाखळीने चहावरचा तो शिक्का काढून स्वतःचाच आणला, तेव्हा ग्राहकांनी निषेध केला. शरद जोशींसारख्यांना तर ठरवून दिलेल्या भावापेक्षा मोकळा बाजारच अधिक न्याय्य वाटे. हे वाद चालू राहोत. पण भावाच्या पडद्यामागचा माणूस दिसू लागला, तर वाद निदान डोळे उघडे ठेवून होईल.

आपल्या गृहसंकुलांत गणपतीत व्याख्याने होतात, हळदीकुंकू होते, पावभाजीचे बेत होतात. वर्षातून एक जेवण असे करून पाहावे, की ज्यात तांदूळ, डाळ, गूळ, कांदा कोणाकडून आला आणि त्याच्या पदरात काय पडले, हे पिकवणाऱ्याच्याच तोंडून ऐकायचे. त्याला पाहुणा म्हणून बोलवावे, मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. जमले तर आठदहा घरांनी त्याच्याकडून वर्षाचा एखादा जिन्नस ठरल्या भावाने घ्यावा. भाव पडला तरी शब्द न फिरवता, आणि भाव चढला तरी त्यानेही न फिरवता. उपकाराची भाषा मात्र कोणी करू नये. वाजवी किंमत देणे म्हणजे दान नव्हे, ते देणे आहे. बँकेच्या भाषेत, थकबाकी.

तात्यांनी पुढे दोन हंगामांत कर्ज फेडले. शेवटचा हप्ता भरून झाल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर कांद्याची एक पिशवी ठेवली. मी पैसे देऊ केले. ते म्हणाले, "राहू द्या साहेब, बाजारात याचे काय येतात ते तुम्ही पाहिलंय." ती पिशवी मी पुण्याला आईकडे नेली आणि तिला पट्टीची सगळी हकीगत सांगितली. त्यानंतरही ती भाजीवाल्याशी घासाघीस करीतच राहिली. पण 'लुटतात मेले' हे शब्द मात्र मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.