खुब्याचा एक्स-रे आणि खानदानाचा कागद

मराठीत 'जातिवंत' हा शब्द मोठ्या मानाचा आहे. जातिवंत घोडा, जातिवंत कलावंत असे आपण म्हणतो तेव्हा त्याचा कस कोणीतरी पारखून घेतला आहे, असे गृहीत असते. कुत्र्यांच्या बाजारात या शब्दातली पारख गळून पडली आणि नुसती जात उरली. 'हेवी बोन', 'डबल बोन', 'चॅम्पियन ब्लडलाइन', 'केसीआय पेपरसह' ही तिथली परिभाषा. तिच्यात हाडाच्या जाडीचे गुणगान भरपूर असते. ते हाड सांध्यात नीट बसते की नाही, याविषयी अवाक्षर नसते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आईबापांचे सांधे आणि हृदय न तपासता जो मोठ्या जातीची पिल्ले विकतो, त्याला पैदासकार म्हणू नये. तो पिल्लांचा व्यापारी आहे.

हे शहरी लोकांचे चोचले आहेत, असे ज्याला वाटते त्याने शेणव्याच्या बाजूला एक फेरी मारावी. भातसा आणि तानसा ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी पाजतात, त्याच तालुक्यात आणि शेजारच्या मुरबाडात मुंबईकरांची फार्महाऊसे आहेत. राखणीला रॉटवायलर, जर्मन शेफर्ड, क्वचित ग्रेट डेन. मालक येणार शनिवार-रविवारी. उरलेले पाच दिवस जनावर राखणदाराच्या हवाली. वर्ष-दीड वर्षात त्यातले एखादे कुत्रे मागचे दोन्ही पाय जुळवून सशासारखे उड्या मारत धावू लागते, बसले की उठायला कुरकुरते. गावात म्हणतात, कमरेतून गेला. मालक दुसरे पिल्लू आणतो. आधीच्याला उचलून सावलीत नेण्याचे, त्याच्याखालची ओली गोणपाटे बदलण्याचे काम मात्र ज्याने ते विकत घेतले नव्हते त्याच्याच वाट्याला राहते.

'कमरेतून गेला' याचा उलगडा पशुवैद्यकाने १९३५ सालीच केला आहे. खुबा हा उखळीचा सांधा. उखळ उथळ राहिली, मांडीच्या हाडाचे डोके तिच्यात सैल बसले, की चालताना ते घासत राहते आणि सांधा झिजतो. याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. हा दोष अनेक जनुकांच्या मेळातून उतरतो, त्यामुळे एका रक्तचाचणीत त्याचा निकाल लागत नाही. जनावराला भूल देऊन, ठरावीक स्थितीत निजवून एक्स-रे काढावा लागतो. अमेरिकेत १९६६ साली स्थापन झालेली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्स ही संस्था चोवीस महिन्यांपूर्वीच्या एक्स-रेला केवळ प्राथमिक मानते. आपण ज्या देशाचे नाव लावून शेफर्ड विकतो, त्या जर्मनीतला शेफर्ड संघ खुब्याच्या दाखल्याशिवाय पैदासीला परवानगी देत नाही. आपण त्यांची जात आणली, त्यांची अट सीमेवरच ठेवली.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. श्वान प्रजनन व विपणनाचे केंद्रीय नियम २०१७ साली आले. पैदासकाराची नोंदणी हवी, मादी किमान अठरा महिन्यांची हवी, वर्षाला एकच वेत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, सख्ख्या-सावत्र भावंडांचा संकर नाही. नियम चांगलेच आहेत. पण ते मादी निरोगी असल्याचा दाखला मागतात, तिच्या खुब्याचा एक्स-रे मागत नाहीत. अमेरिकी कसोटीने खुब्याचा निर्णय होण्याआधीच ती मादी आपल्या कायद्याने आई होऊ शकते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने तेवीस जातींवर बंदीचे पत्रक काढले, तेव्हाही चर्चा झाली ती कोण चावतो याची. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्रक रद्द केले, आणि कोण कसा जन्माला घातला जातो हा प्रश्न होता तिथेच राहिला.

शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गाय भरवताना तो वळूच्या आईचे दूध विचारतो. रेतन केंद्रातल्या वळूची क्षय आणि ब्रुसेलोसिससाठी तपासणी होते. उरळीकांचनच्या 'बाएफ'सारख्या संस्थेने १९६७ पासून हे शास्त्र महाराष्ट्राच्या गोठ्यांपर्यंत नेले. रेताच्या एका कांडीमागे एवढी चौकशी करणारा समाज हजारो रुपयांच्या पिल्लासाठी बापाची ट्रॉफी पाहून समाधान मानतो.

यावर येणारे आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला असा की दोष खाण्यापिण्याचा असतो. अर्धे खरे आहे. अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्राडॉरांवर जन्मभर केलेल्या अभ्यासात पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री सरासरी पावणेदोन वर्षांहून अधिक जगली आणि त्यांचे खुबेही चांगले राहिले. म्हणून पिल्लाला लठ्ठ करू नये. पण उरलेले अर्धे रक्तातून येते, आणि ते ग्राहकाच्या हाती नसून विक्रेत्याच्या हाती असते. दुसरा आक्षेप, आमची जोडी तर छान धावते. सैल सांध्याचे कुत्रेही तरुणपणी छान धावते; त्यासाठीच एक्स-रे काढायचा.

तिसरा आक्षेप गंभीर आहे: दोष दिसेल त्याला बाद करत गेलो तर वंश आक्रसेल, नात्यातले संकर वाढतील. बरोबर. म्हणून तर तपासणी हवी. जर्मन शेफर्डचे मागचे पाय हळूहळू लुळे करणाऱ्या मज्जारज्जूच्या रोगाशी निगडित जनुकदोष २००९ साली सापडला. त्याची एकच प्रत बाळगणारे कुत्रे निर्दोष जोडीदाराशी जुळवले तर एकाही पिल्लात दोन प्रती येत नाहीत. कोणाला बाद करायचे नाही, हेही चाचणीच सांगते. अर्थात एकदाच काढलेला दाखला जन्मभराचा नसतो. डोबरमनच्या हृदयाचे स्नायू पुढे वय वाढल्यावर निकामी होऊ शकतात, म्हणून त्याची तपासणी दरवर्षी हवी. तपासलेल्या आईबापांचे पिल्लूही कधी लंगडेल. पण तेव्हा विक्रेत्याने आपले काम केलेले असेल.

तपासणीची सोय नाही, ही सबब तर चालूच नये. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ ची. पिल्ले विकायला मुंबईहून शहापुरापर्यंत येणाऱ्याला त्यांच्या आईला घेऊन परळपर्यंत जाणे अशक्य नाही.

तेव्हा विकत घेणाऱ्यानेच तोंड उघडले पाहिजे. आईचा आणि बापाचा, दोघांचाही, खुब्याचा व कोपराचा एक्स-रे दाखवा. हृदयाची तपासणी कोणी आणि केव्हा केली, ते सांगा. या जातीत कोणते जनुकदोष येतात आणि त्यांतले कोणते तपासले, ते लिहून द्या. वंशावळीचा कागद नाते सांगतो. प्रकृती सांगणारे कागद वेगळे असतात, ते मागा. विक्रेता हसला किंवा चिडला, तर पिल्लू कितीही गोंडस असो, परत फिरावे. आणि एवढे विचारण्याचीही ज्याची तयारी नसेल, त्याने फार्महाऊसला चांगले कुंपण घालावे आणि गावातलेच एखादे कुत्रे पाळावे.