शांत वस्तीत बाईने जेवावे कुठे?

दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा माटुंग्यात ‘इथे चांगले कुठे मिळते?’ असे विचारले की चार नावे लगेच पुढे येतात. माटुंगा स्टेशनजवळचे, १९४२ पासूनचे रामा नायकांचे उडुपी बोर्डिंग त्यात असतेच. पण बाईचा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. एकटीने निवांत बसता येईल का? संडास स्वच्छ आहे का? इराण्याच्या हॉटेलातली ‘फॅमिली रूम’ बाईची सोय होती, तशीच तिला नजरेआड ठेवण्याची रीतही होती.

आणि रांधते कोण? शेजारच्या गिरणगावात घरोघरी खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी त्यांना संघटित केले. ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे राहिले, बँकेचे कर्ज बाईच्या नावावर मिळू लागले.

आज या वस्त्यांतल्या नोकरदार बाईचा भार पोळी-भाजी केंद्राने हलका केला आहे. मैत्रिणींनो, तिथे पोळ्या घेताना लाटणारीला पोळीमागे काय मिळते, आठवड्याची सुट्टी असते का, हेही विचारू या. आपली सुटका तिच्या राबण्यावरच होणार असेल, तर ती सुटका कसली?