डोडोची हाडे आणि पणजोबांचे नाव

 पेरण्या उरकल्या असतील, हाताला थोडी उसंत असेल, म्हणून आज जरा लांबची गोष्ट सांगतो.

ऊसवाल्या मंडळींच्या सहलीबरोबर मॉरिशसला जायचा योग आला होता. समुद्रात एकटेच पडलेले हे बेट आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर माहेबूर नावाचे गाव आहे. सोमवारी तिथे मोठा बाजार भरतो. भाजीचे ढीग, मिरच्या, घासाघीस, सगळे आपल्यासारखेच. त्याच गावात एका जुन्या फ्रेंच वाड्यात देशाचे राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे.

आत पाहण्यासारखे पुष्कळ. काचेच्या पेटीत डोडो पक्ष्याची हाडे आहेत. डोडो म्हणजे कबुतराच्या कुळातला, पण उडता न येणारा मोठा पक्षी. जगात फक्त याच बेटावर होता. 1598 साली डच लोक उतरले. माणसांबरोबर डुकरे, उंदीर, माकडे आली. जमिनीवर घातलेली अंडी त्यांनी फस्त केली, आणि शंभर वर्षांच्या आत डोडोचा निर्वंश झाला. आपल्या कणग्यांना उंदीर लागतो तेव्हा जीव किती तळमळतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे तर अख्खी जातच गेली.

पुढे ‘सें जेराँ’ जहाजाची घंटा दिसते. हे जहाज साखर गाळपाची यंत्रे घेऊन येत होते. 1744 साली खडकावर आपटून बुडाले. डचांनी 1639 मध्ये जावा बेटावरून तिथे ऊस आणला होता. फ्रेंचांनी तो वाढवला, तोही गुलामांच्या घामावर.

या वाड्याचीही एक हकिगत आहे. ऑगस्ट 1810 मध्ये समोरच्या समुद्रात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची लढाई झाली. फ्रेंच जिंकले. पण फ्रेंचांचा द्युपेरे आणि इंग्रजांचा विलोबी, दोघेही नायक जखमी झाले. विलोबीचा तर डोळाच गेला. दोघांनाही याच वाड्यात आणून औषधपाणी केले. दिवसा तोफा डागणारे वैरी एकाच छपराखाली कण्हत पडले! आणि चारच महिन्यांत, डिसेंबरात, बेट इंग्रजांनी घेतलेच.

हे सारे पाहून मी बाहेरच्या सावलीत टेकलो. मनात आले, सरदारांच्या तोफा जपल्या, पण ऊस तोडणाऱ्याचे काय? 1835 मध्ये गुलामगिरी बंद झाली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले होते. कलकत्ता, मद्रास आणि आपल्या मुंबई बंदरातून, पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे गेली. सुरुवातीचा करार पाच वर्षांचा, पगार महिना पाच रुपये. एक खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, असा तिथला कायदा. त्यांत आपल्या कोकणातलेही पुष्कळ होते. त्यांची मुलेबाळे आजही तिथे गणपती बसवतात, आणि या सणाची साऱ्या देशाला सुट्टी असते.

सावलीत शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. मी मराठी आहे हे कळताच उठून जवळ आले. मोडक्या मराठीत म्हणाले, “आमचे पणजोबा रत्नागिरीकडचे.” खिशातून घडी घातलेला कागद काढला. तिथल्या मोका गावी महात्मा गांधी संस्थेत मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. त्यावरून हा उतारा त्यांनी मिळवला होता. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, वय, उंची, सगळे होते. गावाचे नाव मात्र कारकुनाने ऐकले तसे इंग्रजीत लिहिलेले. ते दोन-तीन गावांना लागू पडेल असे.

“आमचं घर तिथं कुणाला आठवतं का हो?” त्यांनी विचारले.

मला उत्तर देता येईना. मग त्यांनी सहज विचारले, “तुमचे पणजोबा कोण?”

मंडळी, मला माझ्या पणजोबांचे नाव आठवेना! आजोबांच्या पलीकडे माझी गाडी जाईना. सातासमुद्रापार गेलेल्याच्या पणतूकडे नाव आहे, आणि त्याच मातीत राहिलेला मी कोरा! शरमेने मान खाली गेली.

घरी आल्यावर पहिले काम केले. चुलत आत्याकडे गेलो, वही काढली. तिने सात नावे सांगितली. दोन बायकांची माहेरेही सांगितली. पुढच्याच थंडीत ती गेली. थोडा उशीर केला असता तर ती नावेही तिच्याबरोबर गेली असती.

म्हणून एक विनंती. आज दिवेलागणीनंतर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. पोराच्या हातात वही द्या. पणजोबा-पणजीची नावे, कोण कुठून आले, कोण बोटीने गेले आणि परतले नाही, सगळे लिहून घ्या. बायकांची नावे विसरू नका, सात-बाऱ्यावर ती फारशी सापडत नाहीत. आणि कोकणातल्या मंडळींनो, घरात जुनी पत्रे असतील तर बंबात घालण्याआधी एकदा वाचा. तिकडे कुणीतरी अजून आपले घर शोधते आहे.