शीटवरचे आठ तास

पुण्यातल्या आयटी आणि ऑडिट कंपन्यांमध्ये आठवडा संपता संपता एक काम प्रत्येकाला करावंच लागतं, ते म्हणजे टाइमशीट भरणं. कोणत्या प्रोजेक्टवर किती तास गेले, ते रकान्यांत लिहायचं. सोमवारी बारा तास झालेले असतात, मंगळवारी तेरा, बुधवारी क्लायंटचा कॉल रात्री अकराला संपलेला असतो. तरी प्रत्येक दिवसापुढे आकडा पडतो आठ. नव्यानं लागलेल्या पोरानं खरे तास भरले की टीम लीड त्याला बाजूला घेऊन सांगतो, ‘शीटमध्ये आठच टाक, बजेट तेवढंच आहे.’ जादा तास दाखवले तर प्रोजेक्ट तोट्यात दिसतो, मॅनेजरला वर उत्तर द्यावं लागतं आणि पोराबद्दल ‘याला काम उरकत नाही’ असं मत होऊन बसतं. थोड्याच दिवसांत तोही निमूटपणे आठ टाकू लागतो.

नोकरदारांच्या मानसिक आरोग्याबद्दल बोलायचं तर या रकान्यापासूनच सुरुवात करायला हवी. माणूस चार-पाच तास जादा राबला आणि ते तास कुठेच लागले नाहीत. पगारात नाहीत, अप्रेझलमध्ये नाहीत, कंपनीच्या हिशेबातही नाहीत. मात्र त्याच्या झोपेत, पाठीत, घरातल्या तुटक बोलण्यात ते पुरेपूर उतरतात. थकवा खरा, पण त्याचं कारण कागदावर नाही. मग माणूस स्वतःलाच बोल लावू लागतो. ‘बाकीच्यांचं आठ तासांत होतं, मलाच जमत नाही’ हे वाक्य मी हिंजवडी-खराडीतल्या तरुण मुलामुलींच्या तोंडून पुन्हापुन्हा ऐकलं आहे. बाकीच्यांचंही होत नसतं. पण शीट सगळ्यांचीच आठाची, त्यामुळे एकाला दुसऱ्याचं कळत नाही. घरी सांगावं तर आई-वडील म्हणतात, ‘चांगली नोकरी आहे, टिकव.’ फ्लॅटचा हप्ता चालू असतो, नोटीस पीरियड तीन महिन्यांचा असतो. पोरं गप्प बसतात.

जुलै २०२४ मध्ये ‘ईवाय’ या ऑडिट कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात रुजू होऊन जेमतेम चार महिने झालेल्या एका सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. सप्टेंबरमध्ये तिच्या आईनं कंपनीच्या भारतातल्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र समोर आलं. कामाच्या ओझ्यानं मुलगी गेली, असा त्यात आरोप होता. अंत्यविधीला कंपनीतलं कुणी आलं नाही, हेही त्या माउलीनं लिहिलं होतं. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे आपल्याला मान्य नाही, अशी भूमिका कंपनीच्या प्रमुखांनी घेतली. मृत्यूचं कारण ठरवण्याचा अधिकार मला नाही. पण त्यानंतर कामगार विभागाचे अधिकारी त्या कार्यालयात गेले तेव्हा जे बाहेर आलं, त्यानं मी हादरून गेलो. ते कार्यालय २००७ पासून दुकाने व आस्थापना कायद्याखालच्या नोंदणीशिवायच चालू होतं. राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात, एवढ्या नावाजलेल्या कंपनीत, सतरा वर्षं! एका मुलीच्या आईनं पत्र लिहिलं नसतं, तर आणखी किती वर्षं तसंच चालू राहिलं असतं?

कायदा मुळात वाईट नाही. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आली आणि जादा तासांना दुप्पट दरानं मोबदला ठरला. पण गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीचं काम करणारे या कायद्यातून वगळलेले आहेत. आजकाल चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पोरांच्या पदाला ‘असिस्टंट मॅनेजर’ हे नाव चिकटतं. हाताखाली माणूस नाही, सही करायचा अधिकार नाही, पण पदात ‘मॅनेजर’ आहे. त्याला कायद्याबाहेरचा धरायला एवढंही पुरतं. जो कायद्यात बसतो, त्याचे जादा तास शीटवरच नाहीत. मग दुप्पट मोबदला कसला मागणार? अशा स्थितीत सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दुकानं-आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर आणि तिमाहीतला ओव्हरटाइम १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. जादा तासांचा पैसा मिळेल, असं सरकार सांगतं. पण जे तास आजच लिहिले जात नाहीत, ते उद्या लिहिले जातील असं त्या निर्णयात काहीही नाही.

याच महाराष्ट्रात १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे नेलं. मागण्या काय होत्या पाहा. रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा. प्रत्येक मागणी घड्याळात किंवा कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवता येईल अशी. ‘आम्हाला चांगलं वागवा’ एवढ्यावर लोखंडे थांबले नाहीत. काम कधी सुरू होणार आणि कधी थांबणार, हे त्यांनी मागितलं. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. आज आपण सहज उपभोगतो ती सुट्टी त्या सह्यांची आहे, आणि शनिवारी-रविवारी ‘फक्त पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणून येणाऱ्या मेसेजला उत्तर देताना आपण ती थोडी थोडी परत करत असतो.

आज मागणी उलट दिशेनं येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘इन्फोसिस’च्या नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं ९० तासांचं वक्तव्य गाजलं. देशासाठी कष्ट उपसण्याची भावना मी नाकारत नाही. पण जास्त तास म्हणजे जास्त काम, हा हिशेबच चुकीचा आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामगारांचे तास आणि उत्पादन यांची बारकाईनं नोंद झाली होती. त्या कामगारांत बहुतेक स्त्रिया होत्या. अर्थतज्ज्ञ जॉन पेंकावेल यांनी २०१४ मध्ये ते आकडे पुन्हा तपासले. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांबरोबर उत्पादनही वाढत होतं, त्यापुढे ते मंदावत गेलं. ७० तास राबलेल्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतंच. रविवारची सुट्टी काढून घेतली तर आठवड्याचं उत्पादन घटत होतं. आघाडीवरच्या सैन्याला तोफगोळे कमी पडत असतानाचा हा अनुभव आहे. एखाद्या क्लायंटचं प्रेझेंटेशन त्याहून निकडीचं असू शकत नाही.

तासांइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट म्हणजे, त्या तासांवर कुणाचा ताबा आहे. लंडनच्या सरकारी नोकरांचा मायकल मार्मट आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. ज्यांच्या हातात आपल्या कामाचा निर्णय कमी, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं. हे कळायला लंडनला जायची गरज नाही. संध्याकाळी सहा वाजता बॅग भरलेल्या मुलीला मेसेज येतो, ‘उद्या सकाळच्या रिव्ह्यूआधी हे होईल ना?’ ‘ना’ म्हणायची सोय त्या वाक्यात ठेवलेलीच नसते. काम दुपारी दोनला आलेलं असतं, लीडनं ते सहाला उघडलेलं असतं. ती घरी जाते, पोळ्या लाटते, मुलाला झोपवते आणि रात्री दहाला पुन्हा लॅपटॉप उघडते. कामाचं तिला वावडं नसतं. पण आपल्या संध्याकाळचं काय होणार हे सहा वाजेपर्यंत ठाऊक नसणं, ते रोज ठाऊक नसणं, माणसाला आतून पोखरतं. बँकेच्या शाखांमधून विमा पॉलिसी खपवण्याचं टार्गेट घेऊन बसलेले अधिकारी थोड्याफार फरकानं हेच सांगतात.

यावर कंपन्या काय करतात? मानसिक आरोग्य सप्ताह, ध्यानाचं ॲप, ताण कसा हाताळावा यावर दुपारी तासभर सत्र. त्या सत्राचा तासही पुढे रात्री भरून काढावा लागतो. हेतू वाईट असतो असं मी म्हणणार नाही. पण ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची माहिती तपासली, तेव्हा अशा वैयक्तिक उपक्रमांत भाग घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत आढळले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा साचत गेलेला ताण नीट हाताळला न गेल्यानं होणारी, फक्त कामाशी निगडित अशी ती अवस्था आहे, असं म्हटलं. जे कामातून आलं आहे, त्यावर इलाजही कामाच्या वाटणीतच करावा लागेल. ज्याला आज, आत्ता असह्य होतंय, त्यानं मात्र कुणाची वाट न पाहता ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं.

टीम लीडला खलनायक ठरवून हा प्रश्न सुटणार नाही. तोही तिशीतलाच असतो आणि त्याच्यावर वरून चार माणसांचं काम तीन माणसांत बसवण्याची सक्ती असते. करार मिळावा म्हणून कंपनीनं क्लायंटला कमी माणसांचा, कमी तासांचा आकडा दिलेला असतो. तो आकडा खोटा होता हे शीट खरी भरली तर पहिल्याच महिन्यात उघड होईल. म्हणून मला खऱ्या नोंदीचा आग्रह महत्त्वाचा वाटतो. खरे तास दिसले तर पुढचं बजेट खरं होईल, माणसं वाढवावी लागतील, किंवा क्लायंटला मुदत वाढवून मागावी लागेल.

खरे तास शोधणं अवघडही नाही. लॅपटॉप कधी सुरू झाला, कार्ड दाराशी कधी दाखवलं गेलं, रात्री किती वाजता कोण लॉग-इन होतं, याची नोंद कंपन्यांच्या सर्व्हरवर असतेच. उशिरा आलेल्याला जाब विचारायला ती वापरलीही जाते. कामगार विभागानं तपासणीला जाताना हजेरीपटावर आणि टाइमशीटवर समाधान मानू नये. कोणत्याही एका महिन्याचं लॉग-इन आणि त्याच महिन्याची शीट शेजारी ठेवून मागावी. फरक सापडला तर तेवढ्या तासांचा दुप्पट मोबदला वसूल करून द्यावा. दहा तासांची नवी मुभा वापरणाऱ्या प्रत्येक आस्थापनेपासून ही तपासणी सुरू व्हावी, आणि ती पुण्यातूनच व्हावी.