कोशातलं चिमूटभर मीठ

मागच्या वेळी बुलढाण्याला घरी गेलो तेव्हा लोणारला चक्कर झाली. विवराच्या कडेवर लवणासुराची गोष्ट पुन्हा एकदा ऐकली. गोष्ट छानच आहे, पण नावाचा सरळ रस्ताही तिथंच आहे: लवण, लोण, लोणार. आपलं लोणचं आणि अळणी हे त्याच कुटुंबातले.

आता गंमत बघा. मिठाला लॅटिनमध्ये साल, ग्रीकमध्ये हाल्स, इंग्रजीत सॉल्ट, रशियनमध्ये सोल. म्हणून भाषाशास्त्रज्ञ मूळ इंडो-युरोपियन भाषेत 'सल्'सारखा शब्द मानतात. आणि संस्कृतात? लवण! त्याचा या मंडळींशी जुळणारा धागा दिसत नाही. ऋग्वेदात तर लवण शब्दच नाही, अथर्ववेदात तो एकदा येतो.

मग कुणीतरी मोनियर-विल्यम्सचा 1899चा कोश उघडतं. 'सर' या शब्दाच्या लांबलचक अर्थांत एका कोपऱ्यात 'मीठ' सापडतं. झालं, युरेका! पण त्या अर्थापुढे एक छोटी खूण आहे: हा अर्थ जुन्या कोशकारांनी दिलाय, ग्रंथात वापरलेला सापडलेला नाही.

अशा दुर्मिळ अर्थाला किती वजन द्यायचं? माझ्या मते दुर्मिळ म्हणून तो फेकू नये आणि दुर्मिळ म्हणून डोक्यावरही घेऊ नये.

'मृग' घ्या. आपल्या डोळ्यांपुढे हरीणच येतं. पण सिंहाला मृगेंद्र म्हणतात, कारण मृग म्हणजे आधी कुठलाही रानटी प्राणी. ऋग्वेदात तो अर्थ आहे आणि इराणी शाखेत तोच शब्द 'पक्षी' झालाय (फारसीतला मुर्ग!). म्हणजे इथे आज अडगळीत पडलेला अर्थच जुना निघाला, कारण त्याला बाहेरचा साक्षीदार मिळाला.

आता उलटं. हिंदीत मीठा म्हणजे गोड, आपल्याकडे मीठ म्हणजे खारट! दोन्ही 'मृष्ट'कडे जातात, म्हणजे स्वच्छ, चवदार. नुसत्या मराठीवरून मूळ शोधायला बसलो असतो तर धातूलाच खारट करून ठेवलं असतं.

तेव्हा मी तीन प्रश्न विचारतो. अर्थ किती जुन्या ग्रंथात आहे? वाक्यात वापरलाय की फक्त यादीत आहे? आणि साक्षीदार स्वतंत्र आहेत का? कोशकार एकमेकांच्या याद्या उचलत. पाच कोशांत सापडलं म्हणजे पाच पुरावे होत नाहीत. एकच लॉग पाच सर्व्हरवर कॉपी केला तर एररही पाचपट होत नाही ना!

'सर'ला या परीक्षेत मी 'प्रलंबित' असा शेरा देईन. कोशकारांपुढे आज हरवलेले ग्रंथ असतीलही, पण नुसत्या 'असतील'वर मूळ धातू उभा राहत नाही.

हा शब्दखेळ नाही बरं का. असल्याच एखाद्या अर्थावरून कोण कुठून आलं, कुणाची भाषा आधीची, यावर भांडणं रंगतात. ऋग्वेदात लवण नाही म्हणून त्या लोकांना मीठ माहीतच नव्हतं, असंही म्हणून झालंय. पंजाबात तर मिठाचे डोंगर आहेत! शब्द न सापडणं म्हणजे वस्तू नसणं नव्हे, आणि यादीत सापडणं म्हणजे शब्द जिवंत असणं नव्हे.

असो. कोशातलं मीठ जपून घाला. नाही घातलं तर वाद अळणी होईल, फार तर फार. जास्त झालं तर सगळा इतिहासच खारट!