आधी क्रँक, मग सीसी

"थोडक्यात शंभरची एकशे पस्तीस करून देतो" असं म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या हाती मी माझी आरएक्स 100 मोटरसायकल देणार नाही. इंजिन उघडलेलं नाही, क्रँक हातात घेऊन पाहिलेला नाही, आणि हा माणूस आधीच किंमत सांगून मोकळा! असल्या कामाला माझ्या लेखी इंजिन बांधणं म्हणत नाहीत. जुन्या क्रँकवर नवा ब्लॉक बसवून गिऱ्हाइकाला फसवणं म्हणतात.

हिशेब अगदी साधा आहे. आरएक्स 100 चा बोअर 50 मिलिमीटर, स्ट्रोकही 50. म्हणून 98 सीसी. आरएक्स 135 चा स्ट्रोक तेवढाच, पण बोअर 58. म्हणून 132 सीसी. बोअरचा वर्ग होतो, त्यामुळे आठच मिलिमीटरमध्ये इंजिन तिसऱ्या हिश्श्याने मोठं होतं. त्याच प्रमाणात पिस्टनचा माथाही वाढतो, आणि आतला दाब तितकाच राहिला तरी कनेक्टिंग रॉड आणि बिग एंडवर सुमारे 35 टक्के जास्त जोर येतो. आरएक्स 100 ही गाडी 1985 मध्ये आली, 1996 मध्ये बंद झाली. आजवर न बदललेला क्रँक असेल तर तो निदान तीस वर्षांच्या आसपासचा. त्याच्यावर हा वाढीव मारा करायचा, आणि तोही न मोजता?

शिवाय मोठा पिस्टन जड असतो. क्रँकची वजनं जुळवलेली असतात 50 च्या पिस्टनशी, म्हणून थरथर वाढते. 58 चं स्लीव्ह आत बसावं म्हणून क्रँककेसचं तोंड कापून मोठं करावं लागतं. हे काम केस पूर्ण सुटी करून, नीट बांधून लेथवर करायचं असतं. बेअरिंग आत असताना हाताच्या ग्राइंडरने तोंड कोरणारे लोक आहेत. ॲल्युमिनियमचा कीस कुठे जातो, याची त्यांना फिकीर नसते. एकदा कापलेली केस पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हेही गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

सर्वांत जास्त संताप येतो तो ऑइल सीलवरून. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, मग वर जातं. मॅग्नेटोकडचं सील कडक झालं असेल तर तिथून फुकटची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि धरतो. क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल जळायला लागतं. सगळ्या कामात सर्वांत स्वस्त असलेली ही वस्तू बदलायची नाही, आणि मग नवा पिस्टन जाम झाला की खापर "डुप्लिकेट मालावर" फोडायचं! मोठा ब्लॉक बसवून कार्बोरेटरचा जेट जुनाच ठेवणारेही याच जातीचे.

मालकही कमी दोषी नाहीत. क्रोम, रंग आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला पैसे निघतात. क्रँकची गोष्ट काढली की "बजेट नाही". पैसे कमी असतील तर ते खालून वर खर्च करा. इंजिन उघडा, मोजा, मग खरेदीला जा. क्रँक प्रेसवर खोलून नवा रॉड, पिन, बेअरिंग; मग डायल गेजवर सरळ केलेला क्रँक; मेन बेअरिंग, दोन्ही सील. एवढं करून पैसे उरले तरच मोठ्या ब्लॉकचा विचार करा. नाही उरले तर आहे त्याच ब्लॉकला अर्ध्या मिलिमीटरचा बोअर मारा, होनिंग करून घ्या, त्या मापाचा पिस्टन आणि रिंगा घाला आणि थांबा. त्यातून जेमतेम दोन सीसी वाढतात, पण इंजिन धड होतं. नीट बांधलेली 98 सीसी कधीही मला जास्त प्यारी.

कायद्याबद्दल तर गॅरेजात अवाक्षर निघत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सीसी हा आरसीवरचाच तपशील आहे. 2019 च्या दुरुस्तीने आलेलं कलम 182-अ मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही सांगतं. अपघात झाला तर विमा कंपनी हेच कागद उघडून बसेल. पैसे घेणारा मेकॅनिक तेव्हा तुमच्या शेजारी उभा नसेल. आणि वेग वाढवलेल्या त्या गाडीला ब्रेक मात्र जुनेच ड्रमचे!

म्हणून पैसे मोजण्याआधी मापं लिहून मागा: बोअर किती, पिस्टन आणि बोअरमधली फट किती, रिंगांची फट किती, क्रँक डायल गेजवर किती हलला, सील कोणती घातली, जेट कोणता. हे सगळं बिलावर, सहीनिशी. जो लिहून द्यायला नकार देईल, त्याच्या दारातून इंजिन उचला आणि दुसरीकडे न्या.